आत्याच्या नाटकाचा सिनेमा

डॉक्टरांचं बोलणं ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. बायकोही तेच म्हणते. पण बायको जे म्हणते ते मला नेहमी प्रकरण हाताबाहेर गेल्यावर पटतं, आणि तोवर ती म्हणायचं सोडून नुसती बघत बसलेली असते. ते बघणं जास्त वाईट.

डॉक्टर म्हणाले होते, "घशातली गाठ काढावी लागेल. घाबरण्यासारखं काही नाही. नंतर बोलता येईल, फोन करता येईल, नवऱ्याला रागावता येईल. गाणं मात्र विसरा."

आत्या "बरं" म्हणाली. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, रुमाल काढून चष्मा पुसला आणि मग चष्मा खिशात टाकून नुसता रुमाल हातात धरून बसले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. तरुणपणी ती आणि आतोबा पोस्टाच्या एकाच ऑफिसात होते, आणि त्या ऑफिसच्या हौशी नाट्यमंडळात एकच संगीत नाटक वर्षानुवर्षं चालायचं. राजपुत्र माळ्याच्या वेषात प्रधानाच्या बागेत शिरतो, प्रधानाची मुलगी त्याच्या प्रेमात पडते, गैरसमज होतात, गाणी होतात, आणखी गैरसमज होतात, शेवटी लग्न. प्रधानाची मुलगी आत्या. तिचं "वेलीस विचार माळ्या, मी उभी किती वेळ" ऐकायला लोक दुसऱ्या ऑफिसांतून लवकर सुटून यायचे. आणि यातलं एकही गाणं कुठेही रेकॉर्ड झालेलं नाही. गाणारं माणूस रोज जिन्यात भेटत असलं की ते कुणाच्या डोक्यातच येत नाही.

म्हणून दवाखान्याच्या बाकावरच मी म्हणालो, "आत्या, ऑपरेशनच्या आधी तुझी गाणी रेकॉर्ड करून ठेवू. माझ्या मोबाईलवरसुद्धा होईल."

"खुर्चीत बसून नुसती गाऊ? मी काय रेडिओ आहे?" आत्या म्हणाली. "ती गाणी नाटकातली आहेत. समोर युवराज उभा पाहिजे, अंगावर पोशाख पाहिजे, विंगेत हे पाहिजेत. नाहीतर मला सूर सापडत नाही."

"मग नाटकच चित्रित करू."

"म्हणजे सिनेमा," आतोबा म्हणाले. आतोबा दिवसाकाठी चार शब्द बोलतात. त्यातला हा एक असा नेमका वेळेवर आला, की आत्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदाच रंग चढला. त्यानंतर माघार घेणं मला शक्य नव्हतं. तुम्हीही घेतली नसती. म्हणजे तुम्ही शहाणे असाल तर घेतली असती, पण मी माझ्यासारख्यांबद्दल बोलतोय.

मी विमा कंपनीत नोकरी करतो. लोकांचं नुकसान झालं की ते कसं टाळता आलं असतं हे त्यांना पत्रानं कळवायचं, हे माझं काम. अशा माणसाकडे दूरदृष्टी असेल असा लोकांचा समज असतो.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर खाली आले. ते निवृत्त आहेत आणि सल्ला द्यायला त्यांना रोज एक माणूस लागतो. "रंगभूमी वेगळी, पडदा वेगळा," त्यांनी माझ्या सोफ्यावर मांडी ठोकून सांगितलं. "जुन्या नाटकांचे सिनेमे पडतात ते का? गाण्यांमुळे! मला सांगा, माणूस प्रेमात पडला तर तो गातो का?"

"नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"तुम्ही गायला होतात का?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "नशीब माझं."

"मग? सिनेमात आधी गाणी काढून टाका. मग बघा कथा कशी धावते ती."

मी त्यांना समजावलं, की गाणी राहावीत म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. ते हसले. "निर्मात्यानं दिग्दर्शनात पडू नये," असं म्हणून त्यांनी चहा संपवला. मी निर्माता कधी झालो आणि ते दिग्दर्शक कधी झाले हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसरा प्रश्न युवराजांचा. युवराज म्हणजे नाटकातला राजपुत्र. हे गृहस्थ पोस्टातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण त्यांना नातवंडंसुद्धा युवराज म्हणतात. आता त्यांचं पोट राज्याच्या सीमेसारखं पुढे सरकलंय आणि दात नवीन आहेत. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, मग म्हणाले, "मला माहीत होतं तुम्ही याल." जसं काही मी इतकी वर्षं दाराबाहेर उभा होतो. "पण माझी एक अट आहे. मी प्रेक्षकांकडे पाठ करणार नाही."

"इथे प्रेक्षक नाहीत. कॅमेरा आहे."

"तोही प्रेक्षकच."

"बरं. आणि संवाद पाठ आहेत ना?"

युवराज दुखावले. "मी भूमिका जगतो. पाठ करत नाही. संवाद विंगेतून येतात."

ते खरंच होतं. युवराजांना आयुष्यात एकही वाक्य पाठ नव्हतं. विंगेत प्रॉम्प्टर म्हणून आतोबा उभे असायचे. ते हळू आवाजात वाक्य सांगायचे आणि युवराज तेच वाक्य मोठ्यानं, छातीवर हात ठेवून, प्रधानाच्या मुलीला म्हणायचे. कित्येक वर्षं हा असा संसार तिघांनी सुखानं केला.

बागेचं दृश्य बागेत व्हावं असं आत्याला वाटत होतं. म्हणून मी रजा टाकून उद्यान कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "कसला सिनेमा?"

"प्रेमाचा. संगीत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बागेत प्रेम करायला मनाई आहे. फाटकावर पाटी लावलीय."

"खरं प्रेम नाही हो. अभिनय आहे."

"पकडले की सगळे हेच सांगतात."

"अहो, वय तरी बघा त्यांचं! दोघंही सत्तरीचे आहेत."

"एकमेकांचे कोण?"

"कुणी नाही," मी म्हणालो. इथे मी चुकलो. भाऊ-बहीण सांगितलं असतं तर आणखी चुकलो असतो, ही गोष्ट वेगळी.

"मग बाईंच्या यजमानांची ना-हरकत आणा. तीन प्रतींत."

आतोबांना हे सांगताना माझीच मान खाली गेली. पण त्यांनी शांतपणे कागद घेतला आणि त्यांच्या मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलं : "माझी पत्नी सदर गृहस्थांच्या प्रेमात पडणार असून त्यास माझी हरकत नाही. यापूर्वीही नव्हती." साहेबांनी ते दोनदा वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. परवानगी सोमवारची मिळाली. सोमवारी बाग बंद असते. रखवालदार फाटकाच्या आतून म्हणाला, "परवानगी आहे ना? मग करा की. बाहेर करा."

तेव्हा प्रधानाची बाग आमच्या गॅलरीत उभी राहिली. कुंड्या अख्ख्या इमारतीनं दिल्या, आणि प्रत्येकानं आपली कुंडी पुढे दिसली पाहिजे असं बजावलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर स्वतः येऊन कोरफड प्रधानाच्या सिंहासनासमोर ठेवली. मागच्या तारेवर समोरच्या इमारतीतले कपडे वाळत होते. ते काढायला सांगू का, असं मी विचारलं तर प्रोफेसर म्हणाले, "राहू द्या. वास्तववाद."

कॅमेऱ्यासाठी माणूस मिळाला तो लग्नाचं शूटिंग करणारा. कामाला वाघ, पण सवयी लग्नाच्या. आल्या आल्या त्यानं विचारलं, "मुलीकडचे कोण?" मग आत्याला हनुवटीखाली हात ठेवून खिडकीबाहेर बघायला लावलं. माझ्या बायकोला, तिचा काही संबंध नसताना, हातात फूल देऊन तीनदा दारातून आत आणलं. जेवणाची पंगत कधी आहे हे त्यानं दर तासाला विचारलं.

चित्रीकरणाच्या पहिल्याच सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात आडवे आले. गॅलरीत इतक्या कुंड्या म्हणजे वजन, वजन म्हणजे इमारतीला धोका, आणि सिनेमा म्हणजे व्यावसायिक वापर, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना आवरत होतो तेवढ्यात लग्नवाला दारातून ओरडला, "साहेब, कॉलरचा माइक एकच आहे. कुणाला लावू?"

"ज्याला सगळ्यात जास्त वाक्यं आहेत त्याला लाव!" मी पायरीवरूनच ओरडलो आणि पुन्हा सेक्रेटरींकडे वळलो. मी युवराजांबद्दल बोलत होतो. आत्या त्यांच्या शेजारी उभी राहणार, तेव्हा दोघांचाही आवाज येईल, असा माझा हिशोब. मला तो आजही बरोबर वाटतो.

तर चित्रीकरण. पाठ करायची नाही म्हणून युवराज आणि आत्या प्रेम करताना खांद्याला खांदा लावून, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे. पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखे. "एकमेकांच्या डोळ्यांत बघा!" प्रोफेसर कळवळले.

"डोळ्यांत बघितलं तर हिचा सूर जाईल," युवराज म्हणाले.

"माझा कशाला जाईल? तुमचे शब्द जातील," आत्या म्हणाली. तेवढ्यात विंग म्हणून गॅलरीच्या दाराशी ओढलेल्या सोफ्यामागून आतोबांचा सपाट आवाज आला, "प्रिये, या फुलांना तुझा सुगंध कुणी दिला?" आणि युवराज गरजले, "प्रिये! या फुलांना तुझा सुगंध कुणी दिला?" समोर कोरफड होती.

पण खरा घात केला तो वन्समोअरनं. गाणं संपलं की युवराज एक हात वर करून थिजायचे. वाक्य सांगितलं तरी हलायचे नाहीत. शेवटी आतोबांनी सोफ्यामागून डोकं काढून मला समजावलं, "वन्समोअर मिळाल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. सवय आहे." आता वन्समोअर देणार कोण? मीच ओरडलो, "वन्समोअर!" त्याबरोबर युवराजांनी आत्याला हात केला आणि दोघांनी ते गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

आत्याचा घसा सकाळी थोडा वेळच चालायचा. मग आवाज चिरकायचा आणि ती गरम पाण्याचा पेला घेऊन आत जाऊन बसायची. दर वन्समोअरला तिचा एकेक सूर कमी होतोय हे मला दिसत होतं, आणि तो वन्समोअर मीच ओरडत होतो. एकदा मी तिला म्हणालो, "आत्या, सोडून देऊ या का?" ती म्हणाली, "अरे, मला हे पुन्हा कधी मिळणार आहे?" मी बाहेर येऊन उगाचच लग्नवाल्यावर ओरडलो.

"वेलीस विचार माळ्या" तिनं शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. मखमली पोशाख बायकोनं दोन्ही बाजूंनी उसवून वाढवला होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आणि नेमके त्याच वेळी सेक्रेटरी कमिटीचे दोन सभासद घेऊन आले. मला पुन्हा जिन्यात जावं लागलं. ते "पोटनियमानुसार" म्हणाले आणि वरून गाणं सुरू झालं.

सेक्रेटरी बोलायचे थांबले. मीही. तो आवाज आजारी माणसाचा नव्हता. मधेच एका ठिकाणी जरा घासला गेला, तर तिनं तिथेच थांबून, वळसा घेऊन, तो असा काही सोडवला की सभासदांपैकी एकजण जिन्यात खालीच बसला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. चला, मला वाटलं, सगळं फुकट गेलं तरी चालेल, हे एवढं राहिलं. सेक्रेटरी जाताना म्हणाले, "कुंड्या उद्यापर्यंत हलवा," पण हळू म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आत्या गळ्यात पाटी अडकवून घरी आली, आणि तिनं पाटीवर पहिला शब्द लिहिला तो "सिनेमा?"

रविवारी सकाळी आमच्या घरी सगळे जमले. युवराज कोट घालून आले. प्रोफेसरांनी दोन माध्यमांवर छोटंसं भाषण केलं. काकू कोरफडीसाठी पुढच्या खुर्चीत बसल्या. लग्नवाल्यानं टीव्ही जोडला.

पडद्यावर गॅलरी आली, कोरफड आली, वाळत घातलेले कपडे आले. युवराज छातीवर हात ठेवून पुढे झाले, त्यांचं तोंड उघडलं, आणि लाईटबिलाची तारीख वाचून दाखवावी तशा सपाट स्वरात आतोबांचा आवाज आला, "प्रिये, या फुलांना तुझा सुगंध कुणी दिला?" मग लांब कुठेतरी, विहिरीत पडल्यासारखे युवराज. मग प्रधानाच्या मुलीनं लाजून पदर चाचपला आणि आतोबाच म्हणाले, "इश्श. असं काय विचारता?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. युवराज उठून उभे राहिले. "हा माझा खून आहे," ते म्हणाले आणि पुन्हा बसले, कारण पुढचं दृश्यही त्यांचंच होतं.

मी लग्नवाल्याला दाराबाहेर ओढलं. "माइक कुणाला लावला होतास?"

"तुम्हीच सांगितलंत ना, ज्याला सगळ्यात जास्त वाक्यं आहेत त्याला. सोफ्यामागचे काका. सगळ्यांची वाक्यं तेच तर म्हणत होते."

"अरे, पण तू ऐकलं नाहीस?"

"लग्नात आवाज ऐकायचा कशाला साहेब? वरून गाणं टाकतोच की आपण. आताही टाकू का?"

मी आत येऊन आतोबांना म्हणालो, "तुम्ही तरी सांगायचंत!" ते कसनुसे होऊन म्हणाले, "त्यानं लावला. मी लावून घेतला."

तरी मला एक आशा होती. गाण्याच्या वेळी प्रॉम्प्टर गप्प असतो. तेव्हा लांबून का होईना, आत्याचा आवाज आला असेल. मी सरळ शेवटचं गाणं लावायला सांगितलं. पडद्यावर आत्या मखमली पोशाखात उभी राहिली, तिनं श्वास घेतला, ओठ हलले. आणि एकदम जवळून, आपल्या कानाशीच कुणी बसलंय असं वाटावं इतक्या जवळून, एक जाडाभरडा, बेसूर, घोगरा आवाज गाऊ लागला, "वेलीस विचार माळ्या, मी उभी किती वेळ."

आतोबा गात होते. सोफ्यामागे, स्वतःशीच, पण अख्खं गाणं. एकही सूर जागेवर नव्हता, आणि एकही शब्द सुटला नव्हता. आत्याचा आवाज त्याच्यामागे होता, पण शेजारच्या घरातून, बंद खिडकीआडून यावा तसा. तो जरा वर चढला की आतोबाही चढायचे आणि त्याच्यावर बसायचे.

"मी? मी कुठे गायलो?" आतोबांचा चेहरा लालबुंद झाला. "मी कधी गातच नाही!" त्यांना खरंच माहीत नव्हतं. कित्येक वर्षं विंगेत उभं राहून ते दर प्रयोगाला तिच्याबरोबर गात आले होते, आणि ते ना त्यांना माहीत होतं, ना तिला.

आता कुणी हसत नव्हतं. "दोन्ही आवाज एकातच आलेत. वेगळे निघायचे नाहीत," लग्नवाला म्हणाला. मी आत्याकडे बघू शकत नव्हतो. मी तिचा आवाज ठेवायला निघालो होतो, आणि जो उरला होता तोही वन्समोअर देऊन खर्च करून टाकला. पुन्हा घ्यायची सोय नव्हती. घसा कापून झाला होता. विम्याच्या पत्रात मी याला "टाळता येण्यासारखं नुकसान" म्हणतो आणि खाली सही करतो.

आत्यानं बोटानं खूण केली : मागे घे. ते गाणं तिनं पुन्हा ऐकलं. उठली, आतोबांची बाही धरली आणि दोघं खाली निघून गेले. प्रोफेसर म्हणाले, "म्हणून म्हणत होतो, गाणी काढा." बायकोनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला माहीत आहे. ते गेले.

मी दोन दिवस तळमजला चुकवून ऑफिसला गेलो. तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून माफी मागायला गेलो. दार लोटलेलंच होतं. आत खोलीच्या मधोमध आतोबा शाळेत उभं केल्यासारखे हात मागे बांधून उभे होते आणि गात होते. समोर खुर्चीत आत्या. ती हात वर करत होती, अजून वर, अजून वर, आणि आतोबांचा सूर पायऱ्या उतरल्यासारखा खाली चालला होता. तिनं कपाळावर हात मारला, पाटीवर मोठ्ठं "वर" लिहून त्यांच्या नाकासमोर धरली आणि पुन्हा पहिल्यापासून असं बोट फिरवलं. आतोबांनी घसा खाकरला.

मी दारातूनच म्हणालो, "आत्या, माझं चुकलं गं."

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हातानं इशारा केला, बस, आणि बोलू नकोस. मी स्टुलावर बसलो. आतोबांनी पुन्हा सुरू केलं, आणि आत्याचे ओठ हलायला लागले. आवाज न काढता, शब्दाला शब्द लावून, मान किंचित तिरकी करून, जशी ती गॅलरीत उभी होती तशीच. ओठ तिचे होते आणि आवाज आतोबांचा येत होता. सूर त्या दिवशी लागला नाही. अजूनही लागलेला नाही.